खाडीत इतकं सोडियम, मग खाडी पेटत का नाही?

मुलांनो, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांची किती गर्दी असते, हे नवी मुंबईकरांना सांगायला नकोच. ओहोटी लागली की हे गुलाबी पाहुणे चिखलात उतरतात, लांब मान खाली घालतात आणि चोच उलटी करून पाणी गाळत बसतात. 2015 साली खाडीचा एक भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

हे पक्षी ज्या पाण्यात उभे असतात, त्याचा आज थोडा हिशेब मांडू या.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात जवळजवळ 11 ग्रॅम सोडियम असतं. पावसाळ्यात खाडीत नद्यानाल्यांचं गोडं पाणी मिसळतं आणि हा आकडा खाली येतो. पण उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी, खाडी चांगलीच खारट असते. अशा समुद्राच्या पाण्याची 15 लिटरची एक बादली भरली, तर तीत दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त सोडियम येईल. आणि खाडी तर सव्वीस किलोमीटर लांब आहे! लावा हिशेब.

आता खाडीवरून उठून कॉलेजच्या प्रयोगशाळेत या. कपाटात एक जाड काचेची बाटली आहे. तिच्यात केरोसीन भरलंय आणि केरोसीनमध्ये राखाडी रंगाचे ओबडधोबड तुकडे बुडालेत. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : पाण्यापासून दूर ठेवा. हेसुद्धा सोडियमच! याचा मोठा तुकडा पाण्यात पडला, तर आग लागेल, धडाका होईल.

म्हणजे एका सोडियमला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि दुसरं सोडियम पाण्यातच सुखाने नांदतंय. हे कसं काय? या कोड्याचं उत्तर फक्त एका इलेक्ट्रॉनमध्ये आहे. तो इलेक्ट्रॉन सापडला की पुढच्या सगळ्या गोष्टी उलगडतात. चला, त्याच्या मागावर निघू.

सुरीने कापला जाणारा धातू

आधी बाटलीतल्या सोडियमची जवळून ओळख करून घेऊ. शिक्षक डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावतात, कोरड्या चिमट्याने एक तुकडा बाहेर काढतात आणि गाळणकागदावर टिपून घेतात. मग साधी सुरी घेतात आणि त्या तुकड्याचे दोन भाग करतात. हो, धातूचे! लोखंडाला करवत लागते, सोडियमला सुरी पुरते.

कापल्याबरोबर लगेच पाहायचं, कारण वेळ फार थोडा असतो. आतला भाग चांदीसारखा लखलखीत दिसतो. बघता बघता त्या चकाकीवर धूसरपणा येतो, मग ती मळकट होते आणि थोड्या वेळात पुन्हा तोच राखाडी रंग. हवेतल्या ऑक्सिजनने आणि बाष्पाने सोडियमला गाठलेलं असतं. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत तर हे अधिकच झटपट होतं. म्हणून त्याला केरोसीनमध्ये लपवून ठेवायचं. केरोसीनशी त्याचं भांडण नाही.

दुसरी गंमत अशी की हा धातू पाण्यापेक्षा हलका आहे. एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन 1 ग्रॅम, तर तेवढ्याच सोडियमचं 0.97 ग्रॅम. म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. तिसरी गोष्ट, तो 98 अंश सेल्सिअसलाच वितळतो. लोखंड वितळायला 1538 अंश तापमान लागतं.

मऊ, हलका आणि चटकन वितळणारा. हे तिन्ही गुण लक्षात ठेवा, आता लगेच लागणार आहेत.

पाण्यात टाकल्यावर

काचेच्या पसरट भांड्यात पाणी घेतलंय. त्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाच्या दर्शकाचे दोन-चार थेंब टाकलेत. पाणी अजून रंगहीन आहे. शिक्षक मुगाच्या दाण्याएवढा सोडियमचा तुकडा चिमट्याने पाण्यावर सोडतात आणि मागे सरकतात.

सुर्र! तुकडा बुडत नाही, पृष्ठभागावर पळत सुटतो. त्याचे कोपरे नाहीसे होतात आणि त्याची एक गोल, चकचकीत गोळी होते, कारण अभिक्रियेच्या उष्णतेनेच तो वितळलेला असतो. गोळी इकडून तिकडे धावते, कारण तिच्याखालून वायू सुटत असतो आणि तोच तिला ढकलत असतो. ती जिथून जाते तिथे पाण्यावर गडद गुलाबी रेघ उमटते. गोळी लहान लहान होत जाते, शेवटी ‘चट्’ असा आवाज होतो आणि ती संपते. भांड्यात उरतं ते गुलाबी पाणी.

गोळीला पळू दिलं नाही, म्हणजे पाण्यावर गाळणकागदाचा तुकडा तरंगत ठेवून त्यावर सोडियम ठेवलं, तर उष्णता एकाच जागी साठते. मग सुटणारा वायू पेट घेतो आणि पिवळीधमक ज्योत दिसते.

काय घडलं, ते तीन ओळींत सांगते. सोडियम आणि पाणी यांच्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड झालं, म्हणजेच कॉस्टिक सोडा. हा पाण्यात विरघळतो आणि त्याच्यामुळेच दर्शक गुलाबी होतो. सोबत हायड्रोजन वायू सुटला, तो पेटणारा. आणि भरपूर उष्णता बाहेर पडली. समीकरण असं : 2Na + 2H₂O → 2NaOH + H₂.

किती उष्णता? एक ग्रॅम सोडियमची पाण्याशी अभिक्रिया झाली, तर त्या उष्णतेने 100 मिलिलिटर पाणी जवळजवळ 19 अंशांनी तापेल. आणि सुटणारा हायड्रोजन अर्धा लिटर जागा भरेल. एका ग्रॅमची ही करामत. म्हणून तुकडा मुगाएवढाच घ्यायचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा प्रयोग घरी करायचा नाही, आणि शाळेत शिक्षक नसताना तर मुळीच नाही. सोडियमला बोट लावलं, तर हाताच्या घामातलं पाणीही त्याला पुरतं. गोळी फुटली की कॉस्टिक सोड्याचे तप्त थेंब उडतात, आणि डोळ्यात गेले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. जाणती माणसंसुद्धा उरलेला तुकडा बेसिनमध्ये टाकत नाहीत. तो योग्य त्या अल्कोहोलमध्ये सावकाश विरघळवून संपवतात.

अकरावा इलेक्ट्रॉन

आता कोड्याकडे वळू. सोडियमच्या अणूत 11 इलेक्ट्रॉन असतात. सगळ्यांत आतल्या कवचात 2, मधल्या कवचात 8 आणि बाहेरच्या कवचात 1. आतले दहा इलेक्ट्रॉन पक्के धरलेले. अकरावा एकटा, केंद्रकापासून दूर, ढिला. कुणीतरी घ्यायला तयार असेल, तर सोडियम तो द्यायला तयारच असतं.

पाणी तो घेतं. सोडियमकडून सुटलेला इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूकडे गेला की रेणू तुटतो. त्यातला एक हायड्रोजन अलग होतो, दुसऱ्या रेणूतून सुटलेल्या हायड्रोजनशी जोडी जमवतो आणि बुडबुडा होऊन वर येतो. मागे राहतो हायड्रॉक्साइड आयन. आणि सोडियम? त्याने एक ऋण प्रभार गमावला, म्हणून तो आता धन प्रभाराचा सोडियम आयन झाला.

हा आयन एकदम शांत स्वभावाचा असतो. त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्याला पाण्यात ठेवा, उकळा, गोठवा, तो पाण्याशी भांडत नाही.

खाडीतलं सगळं सोडियम हे असंच आहे, अकरावा इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं. डोंगरातले खडक पावसाने झिजले, नद्यांनी त्यांतले क्षार समुद्रात आणले, हे कोट्यवधी वर्षं चाललंय. त्या खडकांतही सोडियम आयनाच्याच रूपात होतं. उरण-पेणकडच्या मिठागरांत, किंवा ऐरोलीहून मुलुंडला जाताना पुलापलीकडे दिसणाऱ्या मिठागरांत, खारं पाणी आटवून जे मीठ काढतात, त्याच्या प्रत्येक कणात हेच शांत सोडियम असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 100 ग्रॅम सोडियम असतं, तेही असंच. हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांकडून मेंदूकडे जे संदेश धावताहेत, ते याच सोडियम आयनांच्या आत-बाहेर करण्यामुळे धावतात.

म्हणून खाडी पेटत नाही. तिथलं सोडियम पेटून कधीच मोकळं झालंय, असं म्हणा ना!

मग केरोसीनच्या बाटलीतलं सोडियम आलं कुठून? निसर्गात धातूच्या रूपातलं सोडियम पृथ्वीवर कुठल्याही खाणीत सापडत नाही. ते माणसाने बनवलंय. शांत आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन परत घ्यायला भाग पाडून!

एकोणतीस वर्षांचाही नसलेला शास्त्रज्ञ नाचू लागला

हे पहिल्यांदा जमलं 1807 साली, लंडनमध्ये. हम्फ्री डेव्ही तेव्हा अवघ्या 28 वर्षांचे होते. व्होल्टांची विद्युतघटमाला जगाला मिळून सातच वर्षं झाली होती. डेव्हींनी अनेक घट जोडून मोठी घटमाला तयार केली आणि तिची वीज वितळलेल्या पोटॅशमधून सोडली. पोटॅश म्हणजे पोटॅशियमचा क्षार. त्या काळी लोकांना तो लाकडाच्या राखेतून मिळायचा.

तारेच्या टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही थेंब तयार होताच पेटले, काही फुटले. हे पोटॅशियम, सोडियमचंच भावंड! त्या वेळी मदतीला असलेल्या त्यांच्या चुलत भावाने, एडमंड डेव्हीने, लिहून ठेवलंय की हम्फ्री आनंदाने खोलीभर नाचू लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी कॉस्टिक सोड्यातून सोडियमही वेगळं केलं.

वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह. डेव्हींनी विजेच्या जोरावर आयनाला इलेक्ट्रॉन परत दिला. त्यासाठी ऊर्जा खर्च झाली आणि ती त्या चकचकीत धातूत साठून राहिली. सोडियम पाण्यात पडतं तेव्हा जी उष्णता उसळते, ती आकाशातून येत नाही. धातू बनवताना जी ऊर्जा घातली होती, तीच मोकळी होत असते.

भावंडं एकापेक्षा एक

आवर्तसारणीचा पहिला उभा स्तंभ काढा. हायड्रोजन सोडून त्याखाली जे सहा धातू आहेत, ते अल्कली धातू : लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि फ्रान्सियम. प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. म्हणून पाण्याशी सगळ्यांचं वागणं सारखं, फक्त जोर निराळा.

लिथियम पाण्यावर तरंगत सावकाश बुडबुडे सोडतं. सोडियम पळतं. पोटॅशियम पाण्याला लागताक्षणी जांभळट ज्योतीने पेटतं. रुबिडियम आणि सीझियम पाण्यापेक्षा जड, पण त्यांना बुडायलाही फुरसत मिळत नाही, भांडंच फुटू शकतं. फ्रान्सियम इतकं किरणोत्सारी आणि इतकं दुर्मीळ, की त्याचा दिसेल एवढा तुकडाही कुणी आजवर जमवलेला नाही.

खाली जावं तसा जोर का वाढतो? खालच्या अणूंत कवचांची संख्या वाढत जाते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून अधिकाधिक दूर जातो आणि आणखी सहज सुटतो. शिवाय हे धातू अधिकाधिक कमी तापमानाला वितळतात. लिथियमला 180 अंश लागतात, पोटॅशियमला सुमारे 63, रुबिडियमला 39, आणि सीझियमला फक्त साडेअठ्ठावीस! मे महिन्याच्या दुपारी वाशी स्टेशनवर बंद काचनळीत सीझियम ठेवलं, तर ते सोनेरी झाक असलेल्या द्रवासारखं डुचमळताना दिसेल. वितळलेला धातू पाण्यात पसरतो, नवा पृष्ठभाग पाण्याला भिडतो आणि अभिक्रिया भडकते.

इथे एक चकवा आहे. अणूमागे अणू मोजून हिशेब केला, तर लिथियममधून सोडियमपेक्षा थोडी जास्तच उष्णता बाहेर पडते. पण ते वितळत नाही, त्याचा नवा पृष्ठभाग भराभर उघडा पडत नाही, म्हणून ती उष्णता सावकाश बाहेर येते. एकूण ऊर्जा किती आणि ती किती वेळात सुटते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धडाका होतो की नाही, ते दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

धडाका नेमका होतो कशाने?

फार वर्षं सगळ्यांना वाटत होतं, याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. हायड्रोजन सुटतो, तापतो, हवेतल्या ऑक्सिजनने पेटतो, की झाला स्फोट!

पण नीट विचार करा. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो लगेच आटत नाही. त्याच्याखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर नाचत राहतो. तो थर थेंबाला तव्यापासून वेगळं ठेवतो. सोडियमच्या गोळीभोवतीही वाफेचा आणि हायड्रोजनचा असाच थर व्हायला हवा. मग धातू आणि पाणी एकमेकांपासून दूर राहतील आणि अभिक्रिया मंदावेल. प्रत्यक्षात मोठा तुकडा उलट अधिकच भडकतो. असं का?

झेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरात पावेल युंगविर्थ, फिलिप मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचं मिश्रण वापरलं. हे मिश्रण नेहमीच्या तापमानाला द्रव असतं, त्यामुळे त्याचा मोजका थेंब पाण्यात सोडता येतो. सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा समोर लावला. 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

थेंब पाण्याला लागल्यानंतर एका मिलिसेकंदाच्या आतच, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात, गुळगुळीत थेंबातून धातूचे अणकुचीदार काटे चहूबाजूंनी बाहेर आले होते! हायड्रोजन पेटण्याच्या कितीतरी आधी.

काटे का फुटले? आपला तो एकटा इलेक्ट्रॉन आठवा. पृष्ठभागावरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने पाण्यात पळाले, की मागे धन आयनांचा दाट थर उरला. समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. सगळे धन, सगळे शेजारी-शेजारी, आणि मध्ये समजूत घालणारे इलेक्ट्रॉन गेलेले. मग ते आयन एकमेकांना रेटत बाहेर उसळले. काट्यांमुळे ताजा धातू पाण्यात घुसला, वाफेचा थर भेदला गेला आणि खरा भडका त्यानंतर उडाला.

चित्रांत क्षणभर निळा-जांभळा रंगही दिसला. पाण्यात शिरलेले, अजून कुठल्याही रेणूला न तोडलेले इलेक्ट्रॉन जमले की पाणी असं निळसर दिसतं. म्हणजे इतका वेळ आपण ज्याच्या मागे आहोत, त्या इलेक्ट्रॉनांची ती चाहूल होती.

याच गटाने 2021 मध्ये आणखी एक नवल दाखवलं. निर्वात पेटीत त्याच मिश्रणाच्या थेंबावर त्यांनी पाण्याची अगदी विरळ वाफ बसू दिली. पाणी इतकं थोडं होतं, की स्फोट झाला नाही. पाण्याच्या त्या पातळ थरात धातूचे इलेक्ट्रॉन शिरले आणि काही सेकंद तो थर सोन्यासारखा चमकला. तेवढा वेळ पाणी स्वतःच धातूसारखं वागत होतं!

घणसोलीचा कारखाना

आता परत नवी मुंबईत येऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक पट्टा वसला, तेव्हा घणसोलीजवळ स्टँडर्ड अल्कली नावाचा कारखाना उभा होता. तिथे मिठापासून कॉस्टिक सोडा बनायचा. साबण, कागद, कापड, औषधं, सगळ्यांना कॉस्टिक सोडा लागतो.

त्या पिढीतल्या अशा कारखान्यांत एक पद्धत सर्रास वापरली जायची. उतरत्या तळाच्या लांबलचक टाकीत खाली पाऱ्याचा थर वाहतोय, वर मिठाचं संपृक्त पाणी. त्यातून वीज सोडली की वर क्लोरीन वायू सुटायचा. खाली सोडियमच्या आयनांना इलेक्ट्रॉन परत मिळायचे आणि सोडियम तयार होताक्षणी पाऱ्यात विरघळून जायचं. मग तो सोडियमवाला पारा दुसऱ्या टाकीत न्यायचा आणि तिथे त्याला पाणी भेटवायचं.

सोडियम आणि पाणी! तरी धडाका नाही, कारण पाऱ्यात सोडियम अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याच्याही आत, विखुरलेलं असतं. अभिक्रिया इतकी संथ व्हायची, की तिला वेग देण्यासाठी टाकीत ग्रॅफाइटचे तुकडे भरावे लागायचे. बाहेर यायचा कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन, आणि रिकामा झालेला पारा परत पहिल्या टाकीत. प्रयोगशाळेतल्या गुलाबी भांड्यात जे घडतं, तेच इथे लगाम घालून दिवसरात्र चालायचं.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे पारा. तो विषारी. थोडा थोडा निसटला तरी पाण्यात जातो, चिखलात बसतो, माशांच्या अंगात साठतो आणि मासे खाणाऱ्यांपर्यंत पोचतो. खाडीवर पोट असलेल्या कोळी-आगरी कुटुंबांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच पुढे देशभर पाऱ्याच्या जागी पडद्याची पद्धत आली. खास प्लॅस्टिकच्या पडद्यातून सोडियमचे आयन पलीकडे जातात आणि पाऱ्याशिवाय कॉस्टिक सोडा बनतो. धोका समजला की पद्धत बदलायची, हेही विज्ञानच.

पोलादी भिंतीच्या अलीकडे-पलीकडे

वाशीच्या पुलावरून दक्षिणेकडे पाहिलं, तर पलीकडच्या तीरावर ट्रॉम्बेच्या टेकड्या दिसतात. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आपल्या अणुऊर्जा विभागाचं दुसरं मोठं केंद्र तमिळनाडूत कल्पक्कमला आहे, आणि तिथे सोडियमला एक मोठं काम मिळालंय.

कल्पक्कमची एक अणुभट्टी ऑक्टोबर 1985 मध्ये सुरू झाली. तिला थंड ठेवायला पाणी नाही, वितळलेलं सोडियम फिरवतात. सोडियम उष्णता झटकन वाहून नेतं, 883 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि भट्टीतल्या वेगवान न्यूट्रॉनना पाण्यासारखं मंद करत नाही. पण शेवटी वीज बनवायची तर वाफ हवी, आणि वाफेसाठी पाणी हवंच. म्हणून एका टप्प्यावर नळ्यांच्या एका बाजूने तप्त सोडियम वाहतं आणि दुसऱ्या बाजूने पाणी. मध्ये काही मिलिमीटर जाडीची पोलादी भिंत, बस्स!

त्या नळीला केसाएवढं छिद्र पडलं तर? पाणी सोडियममध्ये शिरेल आणि हायड्रोजन तयार होईल. म्हणून सोडियममध्ये हायड्रोजन वाढतोय का, यावर उपकरणं सतत नजर ठेवून असतात. आपल्या गुलाबी भांड्यातले बुडबुडे इथे पहारेकऱ्याला जागं करण्याच्या कामी येतात.

निळी चौकट ओळखा

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरवर किंवा तळोज्याच्या रस्त्यावरच्या ट्रकवर तिरक्या उभ्या रंगीत चौकटी पाहिल्यात ना? त्यांतली निळी चौकट, आत ज्वालेचं चित्र आणि खाली 4 हा आकडा, याचा अर्थ असा : आत असा माल आहे जो ओला झाला की पेटणारा वायू सोडतो. सोबत 1428 हा क्रमांक असेल, तर आत सोडियम आहे. हा क्रमांक जगभर एकच आहे.

अशा मालाला आग लागली, तर अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत नाहीत. कोरडी वाळू किंवा खास कोरडी पावडर टाकतात. मीठ पूर्ण कोरडं असेल, तर तेही चालतं. पेटलेलं सोडियम विझवायला सोडियमचाच शांत क्षार धावून येतो! कुठे आग दिसली, की आपण मात्र लांब राहायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

तुम्ही करून पाहा

सोडियम हाताळायचं नाही, पण त्याच्या खुणा घरबसल्या शोधता येतात.

पहिलं : पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. लाल डाग उमटेल. अल्कली भेटला की हळद लाल होते, म्हणून तर हळदीत चुना मिसळून कुंकू करतात. आता डागावर लिंबू पिळा आणि काय होतं ते वहीत लिहा.

दुसरं : भात उतू जाऊन मिठाचं पाणी गॅसवर सांडतं, तेव्हा निळी ज्योत क्षणात पिवळी होते. ते लांबूनच पाहा. तो पिवळा रंग सोडियमचा. एलईडी येण्याआधी रस्त्यांवर जे पिवळे दिवे लागायचे, त्यांत सोडियमचीच वाफ असायची.

तिसरं डोक्याने करायचंय. केळ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतं. स्वयंपाकघरातल्या मिठात सोडियम. कल्पक्कमच्या नळ्यांत सोडियम. प्रत्येकाजवळ जाऊन एकच प्रश्न विचारा : तुझा बाहेरचा इलेक्ट्रॉन तुझ्याकडे आहे, की देऊन बसलास? शहाळं आपण निर्धास्त पितो आणि कल्पक्कमच्या नळ्यांवर रात्रंदिवस पहारा ठेवतो, याचं कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. वर्गात सर किंवा बाई आवर्तसारणीचा पहिला स्तंभ शिकवतील, त्या दिवशी हात वर करून ते सगळ्यांना समजावून सांगा.